२८.८ की १.२? उपचारयंत्रांची बटणं आणि अ‍ॅन ब्लँडफर्ड यांचं संशोधन

कळफलक (धागाकर्ता)

२००६ साली कॅनडातल्या एका कॅन्सर रुग्णालयात एका बाईंना फ्लूरोयुरॅसिल हे औषध छोट्या पंपातून सुरू करून दिलं. पंप अंगावर बाळगून घरी जायचं, चार दिवस औषध हळूहळू शरीरात जात राहणार. ते चार तासांतच संपलं. २२ दिवसांनी त्या गेल्या.

पंप बिघडलेला नव्हता. सिस्टरनं तासाचा दर काढला, दुसऱ्या सिस्टरनं पडताळला, दोघींचं उत्तर जुळलं: २८.८ मिली. खरा दर १.२ होता. २८.८ हा चोवीस तासांचा आकडा, त्याला २४ नं भागायचं राहून गेलं. आता यातली मेख बघा. औषधाच्या लेबलवर १.२ छापलेलं होतं आणि २८.८ सुद्धा छापलेलं होतं. सिस्टरनं आपलं उत्तर लेबलशी ताडून पाहिलं आणि तिला तिथे आपलाच आकडा भेटला! पंपानंही तो निमूट गिळला.

"मग चूक कोणाची?" हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल. माझ्याही आला होता. गेले काही महिने मी अ‍ॅन ब्लँडफर्ड यांचं लिखाण वाचतोय आणि त्यामुळे तो प्रश्न विचारायची माझी पद्धत जरा बिघडली आहे. म्हणून हा धागा.

ब्लँडफर्ड लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एचसीआयच्या प्राध्यापक. एचसीआय म्हणजे माणूस आणि संगणक यांच्यात जे काही घडतं (किंवा बिघडतं) त्याचा अभ्यास. या विषयातली नेहमीची रीत अशी की चार माणसं प्रयोगशाळेत बोलवायची, स्क्रीनसमोर बसवायची, कुठे अडखळतात ते टिपून घ्यायचं. बाईंनी तेही भरपूर केलं. पण मला त्यांच्या कामाचा जीव दिसतो तो वॉर्डात जाऊन उभं राहण्यात. २००६ मध्ये डॉमिनिक फर्निस या सहकाऱ्याबरोबर त्यांनी लंडनच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सॉफ्टवेअरइतकंच महत्त्व आहे कोण कोणाशेजारी बसतं याला, शेजारच्या टेबलावरचं फोनवरचं बोलणं कानावर पडतं की नाही याला. विचार एका डोक्यात होत नाही, तो खोलीभर वाटलेला असतो, अशी ही मांडणी. मूळ कल्पना एडविन हचिन्स यांची. ते नौदलाच्या जहाजावर दिशा काढणाऱ्या खलाशांकडे बघत बसले होते. ब्लँडफर्ड आणि फर्निस यांनी तिला एक हाताळता येईल अशी पद्धत बनवलं.

२००९ ते २०१५ त्यांनी ची-मेड नावाचा मोठा प्रकल्प चालवला. चार ब्रिटिश विद्यापीठं, विषय एकच: उपचारांची यंत्रं आणि ती वापरणारी माणसं. पुढे त्यांच्या चमूनं इंग्लंडमधल्या १६ रुग्णालय-ट्रस्टांमध्ये जाऊन १,३२६ रुग्णांना चालू असलेली २,००८ इन्फ्युजन्स (शिरेतून हळूहळू दिली जाणारी औषधं) एकेक करून तपासली. लिहून दिलंय काय आणि पंपातून जातंय काय. २३१ ठिकाणी, म्हणजे ११.५ टक्के, चूक सापडली. ५३ टक्क्यांत काही ना काही विसंगती: लेबल अपुरं, नोंद राहिलेली, ठरल्या रीतीपेक्षा वेगळं काही. आणि ज्यानं रुग्णाला इजा होऊ शकली असती अशा चुका? २३. सगळ्यांच्या १.१ टक्के.

हे आकडे २०१८ साली प्रसिद्ध झाले. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ५३ वर थबकलो. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा ५३ आणि १.१ यांच्यामधल्या दरीवर. निम्म्याहून जास्त वेळा काहीतरी कागदाप्रमाणे नाही, आणि तरी शंभरात एकालाच धोका. मधलं सगळं कोण सांभाळून घेतंय?

इथे डॉक्टर, सिस्टर, यंत्रं बनवणारे, यंत्रं अंगावर बाळगणारे, सगळे आहेत. बोला.

गोगलगाय

वाचतेय. पहिला परिच्छेद वाचून पोटात गोळा आला.

रात्रपाळी

आयसीयूत बारा वर्षं झाली, म्हणून लिहिते.

दुसऱ्या सिस्टरनं पडताळणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना वाटतं तसं नसतं. मी गणित करते, कागद शेजारणीपुढे धरते, "बघ गं, एवढंच येतंय ना?" ती माझा आकडा आधी बघते आणि गणित मागून. एकदा आकडा डोळ्यांत शिरला की डोकं त्याच्याकडेच चालायला लागतं. खरी पडताळणी करायची तर तिला उत्तर न दाखवता कोऱ्या कागदावर करायला लावावी लागेल. रात्री तीनला, तिच्या दोन बेडचे अलार्म वाजत असताना? सांगा तुम्हीच.

आमच्याकडे तीन वेगवेगळ्या बनावटीचे पंप आहेत. एकावर आकडे थेट दाबायचे. दुसऱ्यावर वर-खाली बाण. तिसऱ्यावर बाण दाबून धरला की आकडा हळू चालतो, मग एकदम पळत सुटतो. बेड बदलला की बोटांना नवीन भाषा. नव्या मुलींना शिकवताना मी म्हणते, हात पंपावर ठेवायच्या आधी त्याचं तोंड बघ.

आणि ते ५३ टक्के. त्यातल्या कितीतरी आम्ही जाणूनबुजून करतो. पिशवी कोरडी पडायच्या आत पंपानं हाक मारावी म्हणून एकूण मिली मुद्दाम थोडे कमी टाकतो. वेळ मिळतो, पुढची पिशवी तयार होते. कागदावर ही विसंगती. ती नसती तर रक्तदाब टिकवणारं औषध मध्येच थांबलं असतं. मधलं कोण सांभाळतं विचारलंत ना? असं सांभाळतं.

कळफलक

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मूळ लेखात घालावा असा आहे. त्या अभ्यासात 'चूक' आणि 'विसंगती' असे दोन वेगळे रकाने ठेवले आहेत. तुमची कमी मिलीची युक्ती पहिल्या रकान्यात टाकली असती तर अहवाल भयंकर दिसला असता आणि खोटाही ठरला असता. नुसत्या नोंदी तपासणाऱ्याला हा फरक कळत नाही. त्यासाठी बेडशेजारी उभं राहून "हे असं का?" असं विचारावं लागतं, आणि विचारताना सूर दटावणीचा नसावा लागतो.

शंकासूर

लेख चांगला. आता माझं नेहमीचं काम.

यात संशोधन काय आहे? बटणं नीट ठेवा, लेबलवर दोन आकडे छापू नका, सिस्टरांना पुरेशी झोप मिळू द्या. हे कळायला सहा वर्षांचा प्रकल्प आणि चार विद्यापीठं? आमच्या आजीनं सांगितलं असतं. शिवाय आता डोसच्या मर्यादा आधीच भरलेले 'स्मार्ट' पंप आलेत. चुकीचा आकडा टाकला की पंप अडवतो. विषय संपला.

पान्हा

@शंकासूर, विषय तिथेच सुरू होतो. मी एम्बेडेडवाला, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) लिहिणारा, काही वर्षं वैद्यकीय उपकरणांच्या फर्मवेअरवर काढली आहेत.

आधी आजीची परीक्षा घेऊ. पंपावर आकडा टाकायला काय चांगलं: फोनसारखा ० ते ९ चा कीपॅड की वर-खाली बाण? आजी म्हणेल कीपॅड. आमची अख्खी टीमही हेच म्हणाली होती. सवयीचा, झटपट, सरळ. ची-मेडच्या चमूतल्या ओलादिमेजी, थिंबलबी आणि कॉक्स यांनी २०११ मध्ये लोकांच्या नजरेचा माग काढून पाहिलं. कीपॅडवर टाकताना नजर बोटांवर असते, पडद्यावर काय उमटलंय तिकडे फारसं जाणं होत नाही. बाणांनी टाकताना आकडा बदलताना बघावाच लागतो, त्यामुळे नजर पडद्यावर राहते आणि आपली चूक आपल्याला दिसते. रोजच्या वापरात कंटाळवाणं वाटणारं यंत्र चूक पकडायला जास्त मदत करतं. हे आजीला माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. (रात्रपाळी म्हणतात तो पळत सुटणारा बाण मात्र वेगळंच प्रकरण. तो मीही एकदा लिहिलाय. माफी असावी.)

दुसरं. हॅरॉल्ड थिंबलबी हे वेल्समधल्या स्वॉन्सी विद्यापीठातले संशोधक, ची-मेडमधलेच. त्यांचा आवडता मुद्दा म्हणजे दशांशचिन्ह. घाईत टिंब दोनदा दाबलं तर यंत्रानं काय करावं? बरीच यंत्रं दुसरं टिंब गुपचूप सोडून देतात आणि पुढचे अंक घेत बसतात. म्हणजे माणूस अडखळलाय हे यंत्राला कळलं आणि तरी ते गप्प राहिलं. तसंच ०.५ ऐवजी नुसतं .५ दाखवणं, टिंब नजरेतून सुटलं की पाच. आणि ५.० लिहिलं की पन्नास वाचलं जातं. चार ओळींचा कोड आहे हो. पण त्या चार ओळी लिहाव्यात हे कोणीतरी मोजून दाखवल्याशिवाय कोणाच्या कामाच्या यादीत येत नाही.

शंकासूर

कीपॅडचं मान्य. टोपी काढली. स्मार्ट पंपांचं काय?

कळफलक

तुम्ही विचाराल म्हणून राखून ठेवलं होतं. २,००८ इन्फ्युजन्सच्या त्याच अभ्यासात स्मार्ट पंप आणि साधे पंप यांची तुलना आहे. चुकांचं प्रमाण आणि प्रकार, दोन्हींत फारसा फरक सापडला नाही.

शंकासूर

आँ?

रात्रपाळी

आँ काय त्यात. पंपाला डोसची मर्यादा माहीत असते. पेशंट चुकला, औषधाची पिशवी चुकली, लिहून दिलेलं बदललं आणि पंपावरचं बदलायचं राहिलं, यातलं त्याला काय कळणार? मर्यादेच्या आत राहून चुकायला भरपूर जागा असते. वर औषध यादीतच नसेल तर आपण यादीला वळसा घालून जुन्या पद्धतीनं दर टाकतो. तेवढ्यापुरता तो पंप स्मार्ट राहत नाही.

निवृत्त_स्टेथो

पेशानं डॉक्टर, आता घरी. थोडं वेगळं मत मांडतो.

हल्ली कुठलीही चूक 'यंत्रणेची' ठरवायची फॅशन आहे. आम्ही डोस तोंडपाठ ठेवायचो. २८.८ ऐकलं असतं तर कान टवकारले असते. यंत्र आलं की माणूस विचार करणं सोडतो हेही एचसीआयवाल्यांनी मोजावं.

रात्रपाळी

डॉक्टर, मान राखून विचारते. तुमच्या वॉर्डात डोस तोंडपाठ असलेल्या डॉक्टरांनी चुकीचा लिहिलेला डोस एखाद्या सिस्टरनं कधी हळूच येऊन दुरुस्त करून घेतला नाही?

निवृत्त_स्टेथो

घेतला. एकदा नव्हे. एका सिस्टरांनी तर कागद माझ्यापुढे ठेवून "सर, सही राहिलीय" एवढंच म्हटलं होतं. सही झालेली होती. मी परत वाचलं तेव्हा कळलं. ठीक आहे, शब्द मागे घेतो. अर्धे.

उरलेले अर्धे मात्र घेत नाही, आणि ते सूचनांबद्दल आहेत. शेवटची काही वर्षं संगणकावर औषधं लिहायचो. प्रत्येक औषधाला पिवळी चौकट. हे त्याच्याबरोबर नको, ते याच्याबरोबर नको. पहिले आठ दिवस वाचल्या. नंतर बोट आपोआप 'पुढे जा'वर. आपल्याच बोटाची लाज वाटायची.

कळफलक

डॉक्टर, तुमचं बोट एकटं नाही. फान डर साइस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा सूचनांवरचे तोपर्यंतचे अभ्यास एकत्र पाहिले. सुरक्षेच्या ४९ ते ९६ टक्के सूचना डॉक्टर बाजूला सारतात असं दिसलं. ज्या दाराची घंटा दिवसभर उगाच वाजते तिथे कोण उठून जाणार? पण गंमत अशी की एकेक सूचना सुटी पाहिली तर ती घालणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. त्यानं आपलं काम चोख केलेलं असतं. शंभर जणांनी आपापलं काम चोख केलं की तुमच्या पडद्यावर शंभर चौकटी येतात.

पान्हा

'पुढे जा'वरून थेरॅक-२५ आठवलं. बऱ्याच जणांना माहीत असेल, पण त्यातला एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही.

किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात सहा जणांना भयानक जास्त मात्रा गेली, काही दगावले. टेक्सासमध्ये एका ऑपरेटर बाईंकडून इलेक्ट्रॉनच्या 'ई' ऐवजी एक्स-रेचा 'एक्स' टाइप झाला. त्यांना लगेच कळलं. त्या कामात तरबेज होत्या, बाणानं वर जाऊन अक्षर दुरुस्त केलं, झटझट एंटर दाबत खाली आल्या. पण यंत्रातले चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत, आणि त्या आठ सेकंदांत केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरला दिसतच नव्हती. पडद्यावर सगळं बरोबर, आत वेगळंच. मग 'मालफंक्शन ५४' अशी ओळ आली, उपचार थांबला. त्या आकड्याचा अर्थ कोणाला उमगेल असा कुठे लिहिलेला नव्हता. असल्या ओळी रोजच्याच, म्हणून त्यांनी पुढे जाण्यासाठी 'पी' दाबला.

एखादी नवशिकी, एका बोटानं टाइप करणारी ऑपरेटर असती तर आठ सेकंद सहज गेले असते आणि काहीही झालं नसतं. सवयीनं आलेला वेगच नडला. डॉक्टर म्हणतात तसं 'माणूस विचार करणं सोडतो' हे इथे लागू होत नाही. त्या बाईंनी विचारही केला आणि चूकही सुधारली होती.

आणि तोच सॉफ्टवेअर दोष आधीच्या थेरॅक-२० मध्येही होता! तिथे स्वतंत्र हार्डवेअर कुलूप होतं, फ्यूज उडायचा, लोक वैतागून फ्यूज बदलायचे. नव्या यंत्रात ती कुलपं काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली.

गोगलगाय

फ्यूज उडणं ही कटकट वाटत होती, आणि तीच वाचवत होती. बापरे.

प्रश्न: मी काल चष्मा डोक्यावर ठेवून तासभर चष्मा शोधला. हा कोणत्या यंत्रणेचा दोष?

कळफलक

तो हार्डवेअरचा, डोक्याचा. :)

पण असल्या चुका ब्लँडफर्डच्या चमूनं खरंच गोळा केल्या. एररडायरी नावाची साइट होती, लोक ट्विटरवर हॅशटॅग लावून आपापल्या फजित्या टाकत. एटीएममधून पैसे घेऊन कार्ड मशीनमध्येच विसरणं हा त्यातला जुना प्रकार. ज्यासाठी आलो ते हातात पडलं की उरलेली पायरी डोक्यातून जाते. उपदेश करून ही चूक थांबत नाही. कार्ड आधी आणि पैसे नंतर द्यायला लागल्यावर थांबते. वॉर्डातही हेच: औषध बदललं, नळी जोडली, मुख्य काम झालं, आणि 'सुरू' दाबायचं राहिलं.

अर्धविराम

उशिरा आलो. सगळं रुग्णालयाबद्दल चाललंय, मी घरचा प्रश्न विचारू का?

बाबांना सकाळ-संध्याकाळ मिळून पाच गोळ्या. मी प्रोग्रामर, हौसेनं त्यांच्यासाठी गोळ्यांची आठवण करणारं अ‍ॅप लिहिलं. आठला वाजतं. बाबा फोन उचलतात, 'घेतली' दाबतात, फोन ठेवतात, आणि गोळी विसरतात. माझ्या नोंदीत शंभर टक्के नियमित. डबीत गोळ्या शिल्लक. मी चिडलो, आवाज वाढवला, पाच मिनिटांनी पुन्हा वाजेल असं केलं. आता ते फोनच दुसऱ्या खोलीत ठेवतात.

कळफलक

अर्धविराम, तुमचा प्रश्न कॅतार्झिना स्तावार्झ, अ‍ॅना कॉक्स आणि ब्लँडफर्ड यांनी २०१४ साली जवळजवळ जसाच्या तसा मांडलाय. त्यांनी गोळ्यांची आठवण करणारी २२९ अ‍ॅप्स तपासली आणि त्यांवरचे वापरणाऱ्यांचे १,०१२ अभिप्राय वाचले. बहुतेक सगळी अ‍ॅप्स घड्याळावर चालतात. माणसं मात्र गोळ्या घड्याळावर घेत नाहीत. दात घासले की, अंथरुणातून उठलं की, असं एखाद्या कामाच्या शेपटाला बांधून घेतात.

पुढच्या वर्षी त्यांनी लोकांना चार आठवडे एक छोटी सवय लावायला सांगून पाहिलं. निष्कर्ष तुम्हाला बोचेल: आठवण करून दिली की कृती जास्त वेळा होते, पण ती अंगवळणी पडणं उलट अडतं. दुसरं कोणी आठवण ठेवतंय म्हटल्यावर डोकं आपली खूण शोधत नाही. नेहमीच्या एखाद्या प्रसंगाला जोडून घेतलं त्यांचं जास्त आपोआप होऊ लागलं.

शिवाय तुमच्या अ‍ॅपमध्ये बाबांचं काम कुठे संपतं? 'घेतली' दाबल्यावर. गोळी गिळल्यावर नव्हे. एटीएमचीच गोष्ट, पैसे आधी देताय तुम्ही.

अर्धविराम

ओह. नोंद माझ्यासाठी होती. त्यांच्यासाठी काहीच नव्हतं त्यात.

मधुमालती

टाइप १ मधुमेह, सतरा वर्षं. त्या 'शंभर टक्के नियमित' वर हसू आलं, कारण मीही अशा नोंदी भरल्या आहेत. तपासणीच्या आदल्या रात्री, तीन वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे खऱ्या वाटतील.

याच गटातलं मला सगळ्यात जवळचं वाटलेलं काम अ‍ॅशलिंग ओ'केन यांचं, इव्हॉन रॉजर्स आणि ब्लँडफर्ड यांच्याबरोबरचं. मधुमेहाची यंत्रं माणसं कधी लपवतात आणि कधी मुद्दाम दाखवतात, याबद्दल. बनवणारे धरून चालतात की आम्हाला एकतर लाज वाटते किंवा वाटत नाही. खरं म्हणजे तेच मी आणि तोच इन्सुलिनचा पंप: मुलाखतीला जाताना कपड्यांच्या आत, आणि विमानतळावर रांगेत सुरक्षारक्षकाच्या डोळ्यांसमोर धरलेला. नव्या ओळखीत लपवते, भांडण झालं की टेबलावर आपटते. बीप बंद करता येणं ही माझ्यासाठी जीवरक्षक सोय आहे, कारण बीप बंद होत नसेल तर मी पंपच काढून ठेवीन.

ओ'केन यांनी आधी स्वतःवर प्रयोग केला होता. मनगटावर बांधायचं रक्तदाबाचं यंत्र घेऊन त्या रोजच्या चाकोरीबाहेर, प्रवासात वगैरे वावरल्या आणि काय काय वाटलं ते टिपलं. संशोधक स्वतः अवघडल्याशिवाय हा प्रश्न सुचणार नाही.

पान्हा, तुमच्यासाठी एक: ग्लुकोजमीटरवर एकक बदलता येण्याची सोय कोणाच्या डोक्यातून आली? एका पद्धतीत ५.४, दुसरीत त्याच्या अठरा पट, म्हणजे ९७. चुकून एकक बदललं आणि टिंब नीट दिसलं नाही तर निरोगी ५.४ मला ५४ वाटतं. मग साखर पडली समजून वर आणखी साखर खायची!

पान्हा

मधुमालती, उत्तर लाजिरवाणं आहे. एकच फर्मवेअर सगळीकडे विकायचं असतं. सेटिंग ठेवलं की काम भागतं. बरेचसे नवे मीटर एकक कारखान्यातच पक्कं करून येतात.

शंकासूर

मी परत आलो, जरा नरम होऊन. पण एक काटा राहतोच. एका संशोधिकेनं स्वतःच्या मनगटावर यंत्र बांधलं, चार आठवडे सवयींचा प्रयोग, मूठभर लोकांच्या मुलाखती. औषधाला आपण हजारो लोकांवरची चाचणी मागतो. अ‍ॅपला आणि पंपाच्या पडद्याला का नको?

कळफलक

हा तुमचा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही.

ब्लँडफर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याच भांडणावर एक निबंध लिहिलाय, आरोग्यवाले आणि एचसीआयवाले एकत्र काम करताना कुठे ठेचकाळतात यावर. आरोग्यवाल्यांना आधी वस्तू पक्की करून मग मोठी चाचणी हवी असते. एचसीआयवाल्यांना आठ दिवसांत बनवून, लोकांसमोर ठेवून, मोडून, परत बनवायचं असतं. एकाला 'परिणाम झाला का' हवं, दुसऱ्याला 'का झाला, कुठे अडला'. दोघांचा 'पुरावा' हा शब्द एकच, अर्थ दोन. चाचणी संपेपर्यंत अ‍ॅप तीनदा बदललेलं असतं, हे खरं. पण या सबबीखाली काहीही न तपासता बाजारात सोडणारेही आहेत, हेही खरं. माझं मत विचाराल तर मुलाखती आणि निरीक्षणं 'काय बनवावं' हे सांगतात, आणि तिथे वीस माणसं पुरतात. 'यानं जीव वाचतात' असा दावा करायचा असेल तर वीस पुरत नाहीत. ब्लँडफर्डचं बरंचसं काम पहिल्या प्रकारचं आहे, ते दुसऱ्या प्रकारचं म्हणून विकू नये.

गुंथर आयझेनबाख यांनी २००५ सालीच लिहून ठेवलंय की डिजिटल आरोग्याच्या चाचण्यांत वापरणारे गळत जाणं हा अपघात समजू नका, तो नियमच आहे, आणि गळतीचाच अभ्यास करा. अर्धविरामचे बाबा ज्या दिवशी फोन दुसऱ्या खोलीत ठेवतात, त्या दिवशी चाचणीतून एक आकडा कमी होतो. मुलाखत घेणारा मात्र त्या खोलीत जाऊन बघतो.

निवृत्त_स्टेथो

औषधाचं रेणूसूत्र चाचणीच्या मध्यात बदलत नाही. यांचं बदलतं. त्रास समजला. तरी शंकासुरांच्या बाजूला अर्धं मत.

अर्धविराम

अपडेट. अ‍ॅप काढून टाकलं. बाबांना विचारलं, सकाळी न चुकता काय करता? दाढी. डबी दाढीच्या सामानाशेजारी ठेवली. नऊ दिवस झाले, सकाळच्या गोळ्या संपताहेत. संध्याकाळच्या नाहीत, कारण संध्याकाळी ते रोज ठरावीक असं काहीच करत नाहीत. शोधतोय.

रात्रपाळी

कळफलक, तुमचा लेख वाचल्यापासून डोक्यात बसलं होतं म्हणून काल ड्यूटीवर फार्मसीतून आलेली लेबलं नीट वाचली. आमच्याही लेबलवर दोन आकडे आहेत. चोवीस तासांचा वर, ठळक. तासाचा खाली, बारीक. इतकी वर्षं रोज बघतेय आणि कधी दिसलं नव्हतं.

फार्मसीला फोन केला. म्हणाले, "सिस्टर, सॉफ्टवेअर तसंच छापतं." सॉफ्टवेअरवाल्यांचा नंबर मागितला, तो कोणाकडे नाही. तोवर मी वरच्या आकड्यावर पेनानं रेघ मारतेय. नियमाप्रमाणे लेबलवर खाडाखोड करायची नसते, म्हणजे माझी एक विसंगती वाढली.